छतावरचे सोलर पॅनल आणि गोव्याची धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला आणि रस्त्याकडेची झाडे लाल दिसू लागली, की सोलर बसवलेल्या घरांतून तेच प्रश्न यायला लागतात. धुवायचे का, कधी, कशाने, आणि धुतले नाही तर काय होईल. पॅनल विकणारे म्हणतात काहीच करावे लागत नाही. सफाईची कंत्राटे विकणारे म्हणतात पंधरा दिवसांत धुतले नाही तर निम्मी वीज गेली. गोव्यापुरते बोलायचे तर दोघेही आपापला माल विकत आहेत.

धुळीमुळे वीज नेमकी कमी का होते?

पॅनलच्या वर साधारण 3.2 मिलिमीटर जाडीची कडक काच असते आणि तिच्याखाली प्रकाशाची वीज करणारे सिलिकॉनचे सेल. काचेवर धूळ बसली की काही प्रकाश तिथेच शोषला जातो, काही परतून जातो, आणि सेलपर्यंत कमी पोचतो. पॅनलचा विद्युतप्रवाह म्हणजे अँपिअर प्रकाशाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणून मीटर लावून 'व्होल्टेज बरोबर आहे, पॅनल ठीक आहे' असे सांगून जिना उतरणाऱ्या तंत्रज्ञाने अर्धेच काम केलेले असते. भर उन्हात प्रवाह किती येतो ते त्याला बघायला लावा.

धूळ कसली आहे यालाही महत्त्व आहे. तेवढ्याच वजनाची बारीक भुकटी जाड रेतीपेक्षा जास्त काच झाकते. काजळी आणि कोळशाची पूड मातीपेक्षा जास्त प्रकाश गिळते. सिमेंटची धूळ तर दंव पडले की काचेवरच घट्ट व्हायला लागते, आणि मग ती पुसून निघत नाही.

मग गोव्यात नुकसान किती होते? कोणी म्हणते पन्नास टक्के.

ती पन्नास टक्क्यांची गोष्ट खरी आहे, पण ती इथली नव्हे. 2017 मध्ये ड्यूक विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर यांच्या संशोधकांनी गुजरातेतल्या पॅनलवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही आठवडे न धुतलेले पॅनल साफ केले की त्यांची कार्यक्षमता सुमारे 50 टक्क्यांनी उसळत होती. कोरडा प्रदेश, वाळवंटाकडून येणारी धूळ, शहराचे प्रदूषण, सगळे एकत्र. तो आकडा उचलून पेडणे किंवा काणकोणच्या गच्चीवर चिकटवण्यात अर्थ नाही.

जगभराचा विचार करणाऱ्या 2019 च्या एका अभ्यासात, धुळीपायी सौरऊर्जेचे वार्षिक नुकसान किमान 3 ते 4 टक्के धरले होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर निसर्गच नळी सोडून बसलेला असतो. प्रश्न उरतो तो नोव्हेंबर ते मेचा, आणि त्यातही तुमचे घर कुठे आहे त्याचा.

पैशांत बघू. तीन किलोवॉटचा संच चांगल्या दिवशी साधारण बारा युनिट देतो (एका किलोवॉटला चार युनिट हा देशभर वापरला जाणारा ठोकताळा). समजा धुळीने पाच टक्के गेले. म्हणजे दिवसाला 0.6 युनिट, महिन्याला 18 युनिट. युनिटला पाच रुपये धरले तरी महिन्याचे नव्वद रुपये. त्यासाठी दर महिन्याला चारशे रुपये मागणारा माणूस बोलावलात, तर धूळ स्वस्त आणि सफाई महाग. हेच गणित पन्नास किलोवॉटच्या हॉटेलला लावा. तिथे पाच टक्के म्हणजे रोजचे दहा युनिट, महिन्याचे तीनशे. शिवाय व्यापारी दर. तिथे माणूस ठेवणे परवडते. म्हणून 'धुवावे का' याचे उत्तर सगळ्यांना एकच नसते.

माझ्या भागात धूळ जास्त की कमी, हे कसे ठरवायचे?

गोवा नकाशावर एवढासा, पण धुळीच्या बाबतीत एका तालुक्याचे दुसऱ्याशी जुळत नाही.

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या खाण पट्ट्यातल्या लोकांना धुळीबद्दल वेगळे सांगायला नको. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर थांबलेल्या खाणी लिलावांनंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होत आहेत, त्यामुळे खनिज ट्रकांच्या रस्त्यालगत घर असेल तर दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आणि पाच वर्षांपूर्वीचा अनुभव, दोन्ही बाजूला ठेवून नव्याने बघा. ही धूळ लोहखनिजाची, जड, गडद, आणि ओली झाली की काचेला रंगासारखी धरते.

चिरेखाणीजवळची धूळ म्हणजे जांभ्याची पूड. दिसायला भयंकर लाल, पण कोरडी असताना पाण्याबरोबर बऱ्यापैकी सुटते. तीच दोन-तीन महिने दंवात भिजत आणि उन्हात वाळत राहिली तर मात्र पापुद्रा होतो.

वास्को आणि मुरगाव बंदराच्या आसपास कोळशाची काळी धूळ हा जुना तंटा आहे. खिडकीच्या गजावर बोट फिरवले की तिथल्या माणसाला उत्तर मिळते. काळी धूळ थोडी असली तरी जास्त प्रकाश अडवते, म्हणून तिथे सफाईत आळस परवडत नाही. बंदरापासून लांब राहणाऱ्यांच्याही वाट्याला काजळी येतेच. हिवाळ्यात परसात पातेरा जाळला जातो, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगावी नरकासुर जळतात. त्या दिवशी सकाळी पॅनलकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.

राष्ट्रीय महामार्ग 66 च्या कडेला, किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर, तुमची धूळ तात्पुरती पण वाईट जातीची आहे. सिमेंट आणि लादी कापण्याची पांढरी भुकटी आठवड्याच्या आत धुऊन टाका. बाकीची धूळ धुवायला थांबले तरी चालते, हिच्या बाबतीत नाही.

आणि ज्यांचे घर आत वाड्यावर आहे, चारी बाजूंनी माड-पोफळी, रस्ता डांबरी, जवळ खाण नाही, त्यांनी धुळीची काळजी सोडून पाखरांच्या विष्ठेची आणि सावलीची काळजी करावी.

वर्षातून किती वेळा धुवावे?

साध्या घराला माझे उत्तर तीन वेळा. एकदा पाऊस पूर्ण गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला. पावसाळ्यात खालच्या कडेला आलेले शेवाळ तेव्हाच निघते. दुसऱ्यांदा जानेवारीच्या शेवटी. तिसऱ्यांदा शिगमो आटोपल्यावर, एप्रिलच्या आसपास. मेच्या अखेरीस धुण्यात मजा नाही, आठ-दहा दिवसांत मान्सून येऊन फुकट धुणार असतो.

खाण पट्टा, बंदर, चिरेखाण किंवा कच्च्या रस्त्यालगत असाल तर कोरड्या महिन्यांत दर तीन-चार आठवड्यांनी बघा. 'बघा' म्हणालो, 'धुवा' नव्हे. कॅलेंडर पाहून धुण्यापेक्षा आकडे पाहून धुतलेले बरे. ते कसे पाहायचे, ते पुढे दिले आहे.

पाऊस पडला की सगळे धुऊन जातेच ना?

मुसळधार असेल तर हो, मोकळी धूळ जाते. पण मार्च-एप्रिलमधली चुकार सर ही उलटी गोष्ट करते. थेंब थोडे, धूळ भरपूर. पाणी वाहून जाण्याइतके नसते, ते जागच्या जागी सुकते आणि प्रत्येक थेंबाच्या जागी चिखलाचा ठिपका ठेवून जाते. अशा शिंतोड्यानंतर पॅनल आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि असतोही.

थंडीतले दंवही असेच वागते. निरभ्र रात्री पॅनल आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो, त्यावर दंव धरते, त्यात धूळ कालवली जाते, सूर्य वर आला की ती वाळते. महिनाभर रोज हे झाले की धुळीचे सारवण तयार. ते पुढे नुसत्या पाण्याने निघत नाही, फडके फिरवावे लागते.

पाखरांची विष्ठा आणि आंब्याचा चिकटा मात्र पावसालाही दाद देत नाहीत.

वीज कमी झाली आहे, पण ती धुळीमुळेच हे कशावरून?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिल-मेत ऊन कडक आणि वीज अपेक्षेपेक्षा कमी असे दिसले, की लोक झाडू घेऊन वर चढतात. बऱ्याचदा दोषी धूळ नसतेच, उष्णता असते. पॅनलवर लिहिलेली क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. भर दुपारी गच्चीवरचा पॅनल 60-65 अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के क्षमता कमी होते. चाळीस अंश जास्त म्हणजे बारा ते सोळा टक्के सरळ गेले, काच आरशासारखी असली तरी. त्यात उन्हाळ्यातले धुरकट आभाळ.

म्हणून मेच्या युनिटांची तुलना फेब्रुवारीशी करू नका. गेल्या वर्षीच्या मेशी करा. जुलैची तर कशाशीच करू नका.

नेमके बघायचे असेल तर साधी पद्धत आहे. स्वच्छ आभाळाच्या दिवशी दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) किंवा मोबाइलच्या ॲपवर त्या क्षणाचे किलोवॉट लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनल धुवा. तिसऱ्या प्रहराची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच वेळेला, आभाळ तसेच स्वच्छ असेल तर पुन्हा आकडा घ्या. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर धूळ तुमचा शत्रू नाही, आणखी दोन महिने निवांत राहा. आठ-दहा टक्के आला तर तुमच्या घराला सफाईचे वेळापत्रक हवे.

ज्यांच्या इन्व्हर्टरला पॅनलच्या दोन वेगळ्या रांगा जोडल्या आहेत, त्यांचे काम आणखी सोपे. एकच रांग धुवा आणि दोन्हींचे आकडे एकाच क्षणी शेजारी शेजारी वाचा. ढग, उष्णता, धुके, सगळी सबब संपते. मात्र दोन्ही रांगांची दिशा आणि पॅनलची संख्या सारखी हवी.

नुसते बोट फिरवून मात्र काही ठरवू नका. बोटाला लागलेली लाल माती बघून वाटते निम्मी वीज गेली, पण पातळ एकसारखा थर डोळ्यांना जेवढा भिववतो तेवढा प्रकाश अडवत नाही.

सगळा पॅनल स्वच्छ आहे, फक्त कोपऱ्यात घाण आहे. तेवढ्याने काय होते?

पसरलेल्या पातळ धुळीपेक्षा हा कोपराच जास्त खोडी करतो.

पॅनलमधले सेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात. एकेरी पुलावर सगळ्यात सावकाश गाडी जशी मागच्या सगळ्यांचा वेग ठरवते, तसा झाकलेला एक सेल संपूर्ण मालिकेचा प्रवाह ठरवतो. हे टाळायला पॅनलच्या मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. एखादा भाग अडला की डायोड त्या भागाला वळसा घालतो. तोटा तिसऱ्या हिश्शावर थांबतो, पण चिमूटभर विष्ठेपायी पॅनलचा तिसरा हिस्सा जाणे हाही तोटाच. शिवाय झाकलेला सेल वीज देण्याऐवजी वीज खाऊन तापतो. तिथे तापबिंदू तयार होतो, आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले तर सेलखालचा थर करपतो. ते नुकसान पुढे धुऊन भरून येत नाही.

आता खालची कड बघा. पॅनलची ॲल्युमिनियमची चौकट काचेपेक्षा किंचित वर आलेली असते. उतार कमी असेल तर धुतलेले किंवा पावसाचे शेवटचे पाणी त्या उंबऱ्याला अडते, सुकते, आणि बोटभर रुंदीचा चिखलाचा पट्टा मागे राहतो. लांबून पॅनल चकाकतो, पण खालची सेलची अख्खी ओळ झाकलेली असते. पॅनल उभा बसवला असेल तर ती ओळ तिन्ही भागांत येते आणि तिन्ही अडतात. आडवा असेल तर एकच अडतो. हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर असल्याने निम्मा तरी वाचतो. त्या कडेवर बसवायच्या प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा मिळतात, पाणी त्यांच्यावरून ओघळून बाहेर पडते. या एका वस्तूवर पैसे खर्च करायला माझी हरकत नाही.

धुवायची बरोबर पद्धत कोणती?

पहाटे. ऊन चढण्याआधी, शक्यतो सातच्या आत. दोन कारणे. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारले की काचेला झटका बसतो आणि ती तडकू शकते, शिवाय गरम काचेवर पाणी लगेच सुकून डाग पडतात. आणि दुसरे, पहाटे दंवाने धूळ आधीच भिजून मऊ झालेली असते, त्यामुळे कमी पाण्यात काम होते. एप्रिलमध्ये ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांना याची किंमत कळेल.

आधी साध्या नळीने वरून खाली पाणी सोडा. माती वाहून जाऊ द्या. कोरड्या धुळीवर सरळ फडके घासणे हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. काचेवर परावर्तन कमी करणारा अतिशय पातळ थर असतो, तो एकदा खरवडला की परत लावता येत नाही. माती गेल्यावर लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबरचा मॉप ओला करून हलक्या हाताने फिरवा. भांड्यांची घासणी, नारळाची शेंडी, तारेचा काथ्या जवळ आणू नका. विष्ठा वाळली असेल तर ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवून द्या, खरवडू नका. शेवटी पुन्हा पाणी सोडा आणि खालची कड पुसून काढा. ही शेवटची कड जवळजवळ सगळे विसरतात.

पॅनलवर पाय देऊन पलीकडे जाऊ नका. काच फुटणार नाही कदाचित, पण खालच्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात.

विजेचे एक ध्यानात ठेवा. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेडात पॅनल वीज तयार करतच असतात. सहा-आठ पॅनल मालिकेत असले की अडीचशे ते चारशे व्होल्ट डीसी होतात. तरीही इन्व्हर्टर आणि डीसी स्विच बंद करूनच धुवा, आणि फुटलेली काच, सोललेली वायर किंवा सैल जोडणी दिसली तर त्या पॅनलवर पाणी टाकू नका.

विहिरीचे पाणी चालेल का?

आतल्या भागातल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी साधारणपणे मऊ असते, ते चालते. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो, ते टाळा. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर बादलीत तांबूस साका बसतो, तसेच पाणी काचेवर तांबूस डाग सोडते. सोपी परीक्षा म्हणजे त्या पाण्याचे चार थेंब खिडकीच्या काचेवर सुकू द्या. पांढरा किंवा तांबडा ठसा उरला तर ते पाणी पॅनलला नको. नळाचे पाणी चालते. पावसाचे साठवलेले असेल तर त्याहून चांगले.

पाणी वाया जाते अशी खंत असणाऱ्यांसाठी: 2015 पासून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणाऱ्या कोची विमानतळावर पॅनल धुतलेल्या पाण्यावर खाली भाजी पिकवतात. आपल्याकडे निदान अळूच्या वाफ्यात सोडता येईल.

साबण, व्हिनेगर, काच पुसायचा स्प्रे?

नुसत्या पाण्याने भागते. तेलकट थर असेल तर बादलीभर पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे काही थेंब, आणि नंतर भरपूर पाणी, कारण साबण राहिला तर त्यावर धूळ आणखी चिकटते. ॲसिड, ब्लीच, संडास साफ करायचे द्रव अजिबात नको. चौकट आणि काचेवरचा थर दोन्ही खराब होतात.

गाडी धुवायचा प्रेशर वॉशर आहे, तो वापरू का?

नको. जोराच्या धारेने कडेच्या रबरी जोडातून आणि मागच्या डबीत पाणी शिरू शकते, आणि अशा नुकसानीला कंपनीची हमी सहसा लागू होत नाही.

आमचे घर कौलारू आहे. वर चढून धुवावे का?

मंगलोरी कौलांवर चढून पॅनल धुण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कौल फुटते, पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ असते, हाताला धरायला काही नसते. नव्वद रुपयांच्या विजेसाठी कंबर मोडून घेण्यात शहाणपणा नाही. जमिनीवरून किंवा बाल्कनीतून पोचेल असा लांब दांड्याचा, पाणी वाहणारा ब्रश मिळतो, त्याने जमेल तेवढे करा. उतार चांगला असल्याने कौलारू घरांवरचे पॅनल पावसात तसेही नीट धुतले जातात. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला 'जरा तेवढे पण पुसून घे' म्हणून वर पाठवू नका. माडावर चढता येते म्हणून कौलांवर विजेजवळ काम करता येते असे नाही. दोरी, हार्नेस आणि अनुभव असलेला माणूसच हवा.

घर समुद्राजवळ आहे. मिठाचे काय?

काचेवरचे मीठ पाण्यात सहज विरघळते, तो मोठा प्रश्न नाही. पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते स्वतःच ओले होते, आणि किनाऱ्यावर तेवढी आर्द्रता रोजचीच. त्या ओलसर काचेवर साधी धूळही चिकटून बसते. म्हणून कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला धूळ कमी असूनही पॅनल मळकट दिसतात.

खरी भीती मागच्या बाजूला आहे. क्लॅम्प, बोल्ट, अर्थिंगची पट्टी, जोडण्या, लोखंडी सांगाडा. समोरची काच धुऊन लोक खाली उतरतात आणि मागे गंज चालू असतो. धुवायला जाल तेव्हा मागचे बोल्ट बघा, गोडे पाणी तिथेही हलकेच मारा, जोडण्या सोडून. नवा संच घेत असाल तर पॅनलला मिठाच्या फवाऱ्याची आयईसी 61701 ही चाचणी झालेली आहे का ते विचारा, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

आंब्याखाली किंवा माडाजवळ पॅनल आहेत. काही वेगळे करावे लागते?

हो, आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा गोडसर चिकटा खाली पडतो. पानांवर तो आधी चकाकतो, मग काळा पडतो, कारण त्यावर बुरशी वाढते. तसाच तो काचेवर पडतो, आणि वर नेमकी जानेवारी-फेब्रुवारीची धूळ. हा थर नुसत्या पाण्याने हलत नाही. कोमट पाणी, साबणाचे थेंब आणि थोडा धीर लागतो. अशा घरांनी जानेवारीची सफाई मोहोर गळल्यानंतरवर ढकलावी, नाहीतर काम दोनदा होते.

माडाजवळ झावळीची सावली आणि कावळ्यांची बैठक या दोन गोष्टी बघा. सावलीचे नुकसान धुळीच्या कितीतरी पट असते. एक झावळी उतरवून जे मिळेल ते दहा वेळा धुऊन मिळणार नाही.

धूळ न बसणारे कोटिंग, स्प्रिंकलर, रोबो, यांत पैसे घालावेत का?

राजस्थानात भडल्यासारख्या 2000 मेगावॉटच्या वर क्षमतेच्या प्रकल्पांत, जिथे वाळूची वादळे येतात आणि पाणी दुर्मीळ आहे, तिथे बिनपाण्याचे रोबो कामाचे आहेत. सहा पॅनलच्या घराला रोबो म्हणजे हौस. कोटिंग काही काळ पाणी घसरवते, पण कोरड्या महिन्यांत घसरायला पाणीच नसते, आणि ऊन-पावसात ते झिजते. पॅनल कंपनीची परवानगी नसताना लावलेत तर हमीचा वाद वेगळा. स्प्रिंकलर मोठ्या गच्चीला ठीक, पण पाणी मऊ हवे, नाहीतर रोज थोडा थोडा चुना काचेवर चढत जातो.

नवीन संच बसवतोय. धुळीचा विचार आधीच करता येईल का?

येतो, आणि तोच सगळ्यात स्वस्त उपाय. गोवा साधारण 15 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून 15 अंशांच्या आसपास उतार उन्हालाही बरा आणि धूळ वाहून जायलाही. जागा वाचवायला किंवा वाऱ्याच्या भीतीने पाच अंशांवर झोपवलेले पॅनल चिखलाचा पट्टा जन्मभर सांभाळत बसतात. ओळींच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी वाट ठेवा, आणि गच्चीवर एक नळ घ्या. हा नळ नसल्यामुळे किती घरांचे पॅनल धुतले जात नाहीत, सांगता सोय नाही.

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचे अनुदान मिळते म्हणून अनेक जण घाईने सही करतात. करारातले देखभालीचे कलम वाचा. काच धुणे कोणाकडे, तपासणीला माणूस वर्षातून किती वेळा येणार, हे शब्दांत लिहून घ्या.

सोलर गीझरलाही हेच लागू का?

फार थोडे. गोल नळ्यांवर धूळ कमी टिकते. तिथे आतून धरणारा पाण्याचा क्षार हा मोठा प्रश्न आहे.

सगळे नीट धुतले, तरी वीज वाढली नाही. आता?

मग धुळीला सोडून द्या. नवी सावली आली आहे का बघा, माड आणि शेजाऱ्याचा मजला दोन्ही वाढतात. इन्व्हर्टरवर दोष दाखवणारा संदेश आहे का, डीसी फ्यूज गेला आहे का, कुठली जोडणी काळवंडली आहे का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. दोन रांगांपैकी एकच मंद असेल तर दोष त्या रांगेत आहे. तंत्रज्ञाला भर दुपारी बोलवा, क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता प्रवाह मोजणारे) घेऊन यायला सांगा आणि जमले तर उष्णता दाखवणारा कॅमेराही. बाद झालेला बायपास डायोड किंवा तापलेला सेल त्यात पटकन दिसतो. संध्याकाळी पाचला येणारा माणूस काहीच सिद्ध करू शकत नाही.

इन्व्हर्टर भरपूर युनिट दाखवतो आणि बिलात निर्यात, म्हणजे वीज खात्याला दिलेली वीज, कमी दिसते, अशी तक्रार असेल तर तो पॅनलचा प्रश्नच नाही. दिवसा घरातच वापरलेली वीज निर्यातीत मोजली जात नाही, आधी तो हिशेब घाला. तरी जुळले नाही तर इन्व्हर्टरचे महिन्याचे आकडे आणि बिल घेऊन वीज खात्याच्या तुमच्या उपविभागात नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारे) तपासण्यासाठी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या.